औषध घेतलं का?

पहिली चाई दाढीत पडली. आठ आण्याच्या नाण्याएवढी, गुळगुळीत, तिथे कधी केस नव्हताच अशी. मी तिकडे दुर्लक्ष केलं. मी कृषी सहायक. भातकुली तालुक्यातली काही गावं माझ्याकडे होती, आणि त्या वर्षांत आमच्या खात्यातल्या माणसाला स्वतःच्या दाढीकडे बघत बसायची सोय नव्हती. कपाशीचा एकेक हंगाम हातचा जात होता. गावात मोटरसायकल शिरली की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघायचे, काही आणलं का म्हणून.

मग डोक्यामागे दुसरी चाई पडली, तिला लागून तिसरी. उशीवर केस, टॉवेलवर केस, न्हाणीच्या मोरीत केसांचा बोळा. दिवाळीपर्यंत डोकं असं झालं की शेवटी मीच न्हाव्याला म्हटलं, उरलेलं काढून टाक. पुढे भुवया गेल्या, त्यामागून पापण्या. पापण्या कशासाठी असतात हे मला त्या गेल्यावर कळलं. वाऱ्यावर गाडी चालवताना धूळ सरळ डोळ्यात, घाम सरळ डोळ्यात. संध्याकाळी घरी येईपर्यंत डोळे लालभडक, आणि बघणाऱ्याला वाटायचं की मी रडून आलो किंवा पिऊन आलो.

केस गेल्याचं दुःख सांगायला मी हे लिहीत नाही. मला राग आलेला आहे आणि तो अजून उतरलेला नाही. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना माझ्या रागाचा काही उपयोग होत असेल तर व्हावा.

नाव कळलं तो दिवस

माझी बायको सुजाता मला ओढतच अमरावतीतल्या त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर नाझनीन मूळच्या अचलपूरच्या. आवाज शांत, पण बोलणं एक घाव दोन तुकडे. त्यांनी भिंगातून डोकं पाहिलं, नखं पाहिली, घरात कुणाला थायरॉईड आहे का विचारलं.

"अॅलोपेशिया एरियाटा," त्या म्हणाल्या. "आपण चाई म्हणतो तेच. तुमची जरा जोरात पसरतेय. ही बुरशी नाही, कोंडा नाही, कुणाला तुमच्यापासून लागायची नाही. शरीराचं जे सैन्य बाहेरच्या जंतूंशी लढायला असतं ना, ते तुमच्याच केसांच्या मुळावर उठलंय."

"काहून पन?" सुजातानं विचारलं.

"ते कुणालाच नीट सांगता येत नाही, ताई. छातीठोक सांगणारा भेटला तर त्याच्यापासून जपून राहा."

मग त्या गोळीबद्दल बोलल्या. स्टेरॉइडची गोळी, पोटातून घ्यायची. आधी साखर, रक्तदाब, छातीचा फोटो, डोळे, सगळं तपासायचं. मग थोडे महिने द्यायची आणि हळूहळू कमी करत बंद करायची. "गोळी चांगलीही आहे आणि वाईटही आहे. ती मोजून द्यावी लागते आणि मोजूनच काढावी लागते. केस येतील, पण टिकतील याची हमी मी देत नाही. घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवा."

इतकं सरळ बोलणं मला पचलं नाही. हमी नाही म्हणणाऱ्या डॉक्टरपेक्षा हमी देणारा माणूस बरा वाटतो, हे माझ्या कामात मी रोज बघत होतो. बियाण्याच्या दुकानात कुणाचं पोतं खपतं, मला ठाऊक होतं.

ऑफिसात शब्द काढला मात्र, आणि जो तो तज्ज्ञ झाला. स्टेरॉइड म्हणजे किडनी गेली. स्टेरॉइड म्हणजे हाडं पोकळ. एकाची मावशी, दुसऱ्याचा साडू, सगळे म्हणे स्टेरॉइडनं गेलेले. एक साहेब हसत म्हणाले, "बाप्पा, माणसाले काय करायचे केस? बाईमाणूस असती त गोष्ट वेगळी." त्यांच्या स्वतःच्या खिशात कंगवा होता. त्यांना द्यायचं उत्तर मला आता सुचतं. टक्कल पडलेल्या माणसाला आरशात स्वतःचाच चेहरा दिसतो. मला दिसत नव्हता. भुवया नसलेला माणूस रागावला आहे, हसतो आहे की घाबरला आहे, हे समोरच्याला कळतच नाही. माझी चार वर्षांची मुलगी, ओवी, माझ्याशी बोलताना माझ्या शर्टाच्या गुंड्यांकडे बघायला लागली होती.

डॉक्टरांची चिठ्ठी मी कपाटात ठेवली आणि कांद्याचा रस, जास्वंदीचं तेल, लसूण घासणं सुरू केलं. लसणानं कातडी भाजली. केस आले नाहीत.

कोण गेलं?

त्या वर्षांत आमच्या भागात तुळतुळीत डोक्याचा माणूस गावात शिरला की एकच प्रश्न असायचा. मी पारावर गाडी लावली की बोलणं थांबायचं. कुणीतरी उठून यायचं, माझा हात हातात घ्यायचं आणि हळू आवाजात विचारायचं, "कोण गेलं जी?"

मी सांगायचो, कुणी नाही, आजार आहे. त्यांना पटायचं नाही. त्यांना वाटायचं, सांगायची लाज वाटते. कारण त्या दिवसांत माणसं नुसती मरत नव्हती, आणि घरचे सगळंच सांगत नव्हते. माझ्या बाबांची भातकुलीजवळ पाच एकर कपाशी आहे हे लोकांना माहीत होतं. बाकीचं त्यांनी आपल्या मनानं पुरं केलं.

बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. आई गेल्यापासून गावी एकटे राहायचे. एक दिवस दर्यापूरकडचे आमचे एक लांबचे नातेवाईक उतरलेला चेहरा घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले. दार बाबांनीच उघडलं. पाहुणे पांढरे पडले.

"ये," बाबा म्हणाले. "मी मेलो त नाई, पन चहा करतो. बैस."

चहा पाजून त्यांना लावून दिलं, आणि बाबा पुढच्याच गाडीनं अमरावतीला माझ्याकडे आले. चप्पल काढायच्या आधी बोलायला लागले.

"आपल्यात मुंडण करत नाईत. छप्पन साली दीक्षा घेतली तवाच सोडलं ते. माह्या बापाच्या मौतीले म्या केस काढले नाईत, तवा गाव आठ दिवस बोललं नाई माह्याशी. अन् आता मी जिता असून लोक तुह्या डोक्यावर माहं मुंडण पाहून राहिले?"

"बाबा, मी काय करू?"

"इलाज कर. डॉक्टरनं सांगतलेला कर. मी इथंच राहतो तंवर."

बाबांचं ऐकायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात अकोल्याहून सुजाताचा भाऊ मिलिंद आला आणि त्यानं एका वैद्यराजांचं नाव आणलं.

अकोल्याची पुडी

अकोल्याला कापूस मार्केटच्या मागे एका खोलीत हे वैद्यराज बसायचे. बाहेर चपलांचा ढीग. आत उदबत्ती, काचेच्या बरण्या, भिंतीवर डोक्यांचे फोटो: आधीचं डोकं आणि नंतरचं. मिलिंदच्या ओळखीच्या एका पोराच्या डोक्यावर खरंच केस आले होते. मिलिंद खोटं बोलला नव्हता. त्यानं जे पाहिलं ते सांगितलं.

वैद्यराजांनी माझी नाडी धरली आणि पहिला प्रश्न केला, "डॉक्टरनं स्टेरॉइड सांगितलं असेल?"

मी हो म्हटलं.

"घेतलं नाही ना? बरं केलं. जहर आहे ते. किडनी खाऊन टाकते. माझ्याकडं शंभर टक्के जडीबुटी. जंगलातून येते. साइड इफेक्ट झीरो."

हे वाक्य मी इथे मुद्दाम जसंच्या तसं लिहिलं आहे.

कागदाच्या पुड्या होत्या, राखाडी भुकटीच्या. सकाळ-संध्याकाळ मधातून. चव आधी कडू, मग जिभेवर रेंगाळणारी. दोन आठवड्यांत मला भूक लागायला लागली, अशी भूक की जेवून उठल्यावर पुन्हा ताटावर बसावं. सांधे हलके झाले. मन उगाच आनंदी. झोप मात्र उडाली. आणि मग एक दिवस आंघोळीनंतर सुजातानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती तशीच थांबली. लव आली होती. महिनाभरात काळे केस, भुवया, पापण्या. ओवी माझ्या भुवईवर बोट फिरवून म्हणाली, "बाबा, मिश्या आल्या इथं."

मी वैद्यराजांना साष्टांग दंडवत घालायचाच बाकी होतो. ऑफिसात सगळ्यांना म्हटलं, बघा, विलायती गोळीच्या नादी लागलो असतो तर. चेहरा गोल झाला होता. लोक म्हणायचे, तब्येत सुधारली. पोटावर जांभळे वळ उठले होते. मला वाटलं, वजन वाढल्यामुळे. फक्त बाबा एकदा जेवताना माझ्याकडे बघून म्हणाले, "त्या पुडीत काय हाय, इचारलं का तू त्याले?"

"जडीबुटी."

"नाव?"

नाव मला माहीत नव्हतं. बाबांनी वरण पुढे सरकवलं आणि विषय सोडला.

उन्हाळ्यात पुड्या संपत आल्या म्हणून मी अकोल्याला गेलो. खोलीला कुलूप. शेजारचा पानवाला म्हणाला, गेले, कुठे ते माहीत नाही. मी परत आलो. केस तर आलेच आहेत, आता पुडी नसली तरी काय बिघडतं, असं मनाशी म्हटलं.

औषध

पुड्या संपल्यावर काही दिवसांतच कुणीतरी अंगातली वीज काढून घेतल्यासारखं झालं. सकाळी उठून बसायला भिंत धरावी लागे. मळमळ. जेवणाचा वास नको. मी ऊन लागलं म्हणून कांदा खिशात ठेवून फिरत होतो.

मृगाच्या आधीचे दिवस, आमच्या कामाची घाई. एका गावात बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक होतं, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध कसं चोळायचं ते दाखवायचं. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पंधरा-वीस लोक बसलेले. मी पिशवीतून औषधाचा डबा काढला, झाकण उघडलं, आणि समोरचे लोक पांढरे दिसायला लागले. मला उलटी झाली. पुन्हा झाली. मग मी पडलो.

आमच्याकडे तेव्हा 'औषध घेतलं' या दोन शब्दांचा एकच अर्थ उरला होता, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागत नाही. माझ्याजवळ उघडा डबा होता, मी ओकत होतो, मी शेतात होतो. लोकांनी मला काळीपिवळी जीपमध्ये घातलं आणि जवळच्या दवाखान्यात नेलं. त्यांची काही चूक नव्हती. त्यांनी जीव तोडून गाडी हाकली. रस्ताभर एक म्हातारा माझ्या गालावर चापट्या मारत होता. "झोपू नको, भाऊ. लेकरू हाय न तुले. झोपू नको."

दवाखान्यात कुणीतरी माझ्या कानाशी ओरडून विचारलं, "औषध घेतलं का?"

मी हो म्हटलं. पुडीबद्दल विचारतात असं मला वाटलं.

त्यांनी नाकातून नळी घातली आणि पोट धुतलं. ते किती वेळ चाललं मला माहीत नाही. हात धरलेले होते. मी नाही म्हणायचा प्रयत्न करत होतो आणि नळीमुळे शब्द फुटत नव्हता. मग अॅम्ब्युलन्समधून अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात आणलं.

सुजाता आणि बाबा धावत आले तर त्यांनाही तेच. सुजाता सांगत होती, "औषध घेत व्हते, आता संपलं," आणि ऐकणारे मान डोलवून लिहून घेत होते. हवालदार आले होते, कारण अशा केसमध्ये त्यांना यावंच लागतं. त्यांनी बाबांना बाजूला घेऊन विचारलं, घरात काही भांडण?

"माह्या पोरानं जहर घेतलं नाई," बाबा म्हणाले.

"सगळे बाप असंच म्हणतात, गुरुजी." हवालदार वाईट माणूस नव्हता. त्यानं बाबांना बसायला स्टूल दिलं.

माझा रक्तदाब वर येत नव्हता. कुठलं विष आहे ते कळत नव्हतं, कारण विष नव्हतंच. शेवटी सुजाता हवालदाराला म्हणाली, "तुमी लिहा काय लिहाचं ते," आणि ऑटो करून सरळ डॉक्टर नाझनीनच्या क्लिनिकवर गेली. तिथे रांग होती. ती रांग ओलांडून आत शिरली. माझे केस आले, चेहरा गोल झाला, पोटावर वळ उठले, पुडी संपली आणि हे असं झालं, एवढं तिनं उभ्या उभ्या सांगितलं. डॉक्टरांनी पूर्ण ऐकायच्या आधी फोन उचलला होता. वॉर्डातल्या फिजिशियनशी त्या इंग्रजीत बोलल्या. सुजाताला त्यातला एकच शब्द कळला, स्टेरॉइड.

स्टेरॉइडचं एक इंजेक्शन शिरेतून गेलं, सलाईन गेलं, आणि काही तासांत मी डोळे उघडून पाणी मागितलं.

शेजारची खाट

मला काही दिवस त्याच वॉर्डात ठेवलं, जिथे खरंच घेतलेली माणसं होती. सकाळी सहाला फिनेलचा वास, सातला सिस्टर, मग डॉक्टरांचा राउंड, मग नातेवाईकांचे डबे. नातेवाईक माझ्याकडे त्याच नजरेनं बघायचे ज्या नजरेनं आपल्या माणसाकडे बघत होते, राग आणि माया एकत्र.

शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाचा एक जण होता, अचलपूरकडचा. एका दुपारी त्यानं विचारलं, "तुमी कोणतं घेतलं?"

"मी घेतलं नाही."

"मीबी पयल्या दिवशी असंच सांगतलं."

मग मी त्याला सगळं सांगितलं. केस, पुडी, कुलूप. तो आधी हसला. नळीनं घसा सोलला होता म्हणून त्याला हसताना दुखलं.

"केसासाठी पुडी खाल्ली म्हंजे," तो म्हणाला, "तुमाले जगाचं व्हतं."

दोन दिवसांनी त्याला दुसऱ्या वॉर्डात हलवलं. तो चालत घरी गेला, असं नंतर सिस्टरनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं, तिनंच येऊन सांगितलं.

डॉक्टर नाझनीन स्वतः मला बघायला आल्या. त्यांनी मला समजावलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो. जे औषध मी भीतीनं नाकारलं होतं, तेच त्या पुडीत असणार, आणि लक्षणांवरून बघता भरपूर. शरीर स्वतःसाठी असाच एक पदार्थ थोडा थोडा बनवत असतं. बाहेरून महिनोन्महिने आयता मिळाला की आतला कारखाना झोपतो. मग बाहेरचा एकदम थांबला की माणसाकडे काहीच उरत नाही. म्हणून ही गोळी कधीही झटक्यात बंद करायची नसते. "तुम्हाला स्टेरॉइडनं पाडलं नाही," त्या म्हणाल्या. "न सांगता दिलं आणि न सांगता थांबलं, त्यानं पाडलं."

"म्हणजे जहर म्हणणारा माणूसच..."

"हो."

त्या दिवशी मला जो राग आला तो आजवर आहे. त्यानं मला ज्या गोष्टीची भीती घातली तीच मला चारली, आणि वरून माझा नमस्कार घेतला.

मोजून

पुढचं वर्ष मी तीच गोळी उघडपणे घेतली. नाव माहीत असलेली, ताकद माहीत असलेली. सकाळी नाश्ता झाल्यावर, रिकाम्या पोटी नाही. संध्याकाळी घेतली की झोप उडते. मीठ कमी, साखर कमी, दर काही दिवसांनी तपासणी. डॉक्टर कार्डावर पुढचा डोस लिहून द्यायच्या आणि तो हळूहळू उतरत जायचा. डोस उतरला की सांधे दुखायचे, मन खचायचं, आणि मागचाच डोस चालू ठेवावा असं वाटायचं. त्या नकारार्थी मान हलवायच्या, पण कधी कधी डोस उतरवणं थोडं थांबवायच्याही.

घरी मी सोपा माणूस नव्हतो. गोळीनं चिडचिड वाढते हे मला सांगितलं होतं. सांगणं वेगळं आणि घरातल्यांनी भोगणं वेगळं. एका सकाळी अळणी भाजीवरून मी ताट ढकललं. वाटी भिंतीवर गेली. ओवी दाराआड झाली.

सुजातानं वाटी उचलली. "गोळी तुमी खाता," ती म्हणाली, "अन् तिचा राग मी खाऊन राहिली. हे मी डॉक्टरले सांगीन."

आणि पुढच्या वेळी माझ्यासमोर तिनं खरंच सांगितलं, वाटीसकट. मला खाली बघावं लागलं. डॉक्टर म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, पेशंट हे कधी सांगत नाहीत. त्यांनी डोस उतरवण्याचा वेग बदलला. ज्यांच्या घरी हे औषध चालू आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की बायकोला, आईला, जो कोणी सोबत राहतो त्याला आत घेऊन जा. बाहेर बाकावर बसवू नका.

केस? पुडीचे केस पडले ते पडले. गोळीचे आले, आधी पांढरे, मग काही काळे झाले. भुवया परत आल्या. पापण्या एका डोळ्याला दाट, दुसऱ्याला विरळ. गोळी बंद झाल्यावर डोक्यावर दोन चाया पुन्हा पडल्या आणि आहेत. डॉक्टर म्हणाल्या, आता पुन्हा गोळी नको, त्यात फायद्यापेक्षा तोटा जास्त. मी हो म्हटलं. या वेळी मला कुणाच्या मावशीचं उदाहरण लागलं नाही.

बाळापूरचा बाजार

मधल्या काळात मिलिंदनं त्या वैद्यराजाचा पत्ता काढला. बिचारा माझ्यापेक्षा जास्त तापला होता. बाजाराच्या दिवशी बाळापूरला एका कापडाच्या दुकानामागे हा वैद्यराज बसायचा. मी निघालो तर बाबाही चपला घालून उभे.

तीच उदबत्ती, तेच फोटो. बाहेर रांग. आम्ही आत शिरलो. त्यानं मला ओळखलं आणि अजिबात दचकला नाही.

"तुमचे केस आले होते की नाही?"

"आले होते."

"मग? औषध तुम्ही बंद केलं."

"तुम्ही कुलूप लावून गेलात. मी मरता मरता वाचलो. तुम्ही त्यात स्टेरॉइड घालता."

"साबित करा," तो म्हणाला, अगदी गोड आवाजात.

बाबा मागे वळले. बाहेर रांगेसमोर उभे राहून, वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "मी मास्तर हाओ. या माणसाची पुडी खाऊन माहा पोरगा मरणाच्या दारात गेलता. तुमी याले एवढंच इचारा, पुडीत काय हाय. नाव सांगत असन त घ्या."

रांगेतला एक जण म्हणाला, "मास्तर, मांगं उभे राहा. नंबर हाय."

आम्ही बाहेर पडलो. किल्ल्याच्या भिंतीच्या सावलीत मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मला वाटलं त्यांना त्या माणसाचा राग आला असेल. ते म्हणाले, "मी इतके वर्ष पोट्ट्याईले उत्तरं पाठ कराले लावले. प्रश्न इचाराले कोनीच शिकवलं नाई."

तक्रार करायला गेलो तर सांगण्यात आलं, पुडी आणा. माझी पुडी माझ्या पोटात गेली होती.

फेकू नका

माझी गोष्ट कानोकानी पसरली. त्यामुळे लोक आता घरी येतात. गेल्या उन्हाळ्यात अचलपूरहून एसटीनं एक बापलेक आले. बाप शिलाईकाम करणारा, शकीलभाई. मुलगी सतरा-अठराची, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, चेहरा गोल. तो गोलपणा मी ओळखला.

शकीलभाईंनी पिशवीतून पुड्यांचं बंडल काढलं. "भाऊ, तुमचं ऐकलं तवापासून झोप नाई. पोरगी सा महिन्यापासून खाऊन राहिली. आज इथंच तुमच्या समोर नालीत टाकतो. एकबी नाई देत आता तिले."

ते उठलेच. मी त्यांचा हात धरला.

"फेकू नका. अन् बंद तर बिलकुल करू नका. आजची पुडी दिली का तिला?"

"नाई दिली. कालपासून बंद केली."

सुजातानं तोवर फोन लावला होता. डॉक्टर नाझनीन म्हणाल्या, पुडीच्या जागी कोणती गोळी आणि किती द्यायची ते सांगते, ती आत्ता लगेच द्या, संध्याकाळी चारला घेऊन या, पुड्याही सगळ्या आणा, तपासायला पाठवू. सुजाता कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेली आणि दुकानदाराकडे फोन देऊन गोळी घेऊन आली. मुलीला आधी पोळी खायला घातली.

चारला वेळ होता. उकाडा मरणाचा. कूलर चालू होता तरी मुलीच्या कानामागून घाम उतरत होता. सुजाता म्हणाली, "काढ बेटा ते. इथं कोनी नाई." मुलीनं बापाकडे बघितलं. त्यानं मान हलवली. तिनं ओढणी सोडली. डोक्यावर बोटभर नवे, दाट केस होते, जे आता जाणार हे मला माहीत होतं आणि तिला अजून माहीत नव्हतं.

"काका," तिनं मला विचारलं, "खरी गोळी घेतली त हे राहतील?"

"थोडे जातील. परत येतील बहुतेक. सगळे राहतील असं कुणी सांगितलं तर तिथून उठून ये."

तिनं खालचा ओठ दाबला. रडली नाही. तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबा उठून आले. झोपेतून उठलेले, धोतराचा सोगा हातात. त्यांनी तिच्याकडे बघितलं, समोरची खुर्ची ओढली आणि बसले.

"कितवीत हायस?"

"बारावी. सायन्स."

"गणित घेतलं का?"

"हो. पन जमून नाई राहिलं."

"काय जमत नाई?"

"इंटिग्रेशन."

"ते मलेबी येत नाई," बाबा म्हणाले. "सांग बरं मले, काय असते ते."

ती आधी अडखळली. मग तिनं माझ्या टेबलावरची पेन्सिल घेतली आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक वाकडी रेघ काढून त्यांना समजावायला लागली.